नेम, नाम आणि मौन : सातारा–सांगली परिसरातील ध्यानपरंपरेत आत्मनिरीक्षणाचा इतिहास

प्रास्ताविक

इतिहासलेखन साधनांवर उभे असते. बखर, पत्र, ताम्रपट, महसुली कागद, दानपत्र यांपैकी काही ना काही हाती असल्याशिवाय इतिहासकाराला विधान करता येत नाही. अंतर्मौन हा विषय या दृष्टीने अवघड आहे. जो मनुष्य डोळे मिटून बसला व ज्याने आपल्या मनाचे व्यापार शांतपणे न्याहाळले, त्याच्या त्या तासाचा कोणताही कागद मागे उरत नाही. उरतात त्या भोवतालच्या गोष्टी. बसण्याची वेळ, वाचायचा ग्रंथ, गुरूने दिलेली सूचना, शिष्याने पुढे लिहिलेले चरित्र, मठाची जागा आणि वार्षिक उत्सव यांवरून मौनाचा अंदाज करावा लागतो. त्यामुळे या विषयाकडे एकतर श्रद्धेने पाहिले गेले किंवा तो इतिहासाच्या कक्षेबाहेरचा मानून सोडून देण्यात आला.

प्रस्तुत लेखात सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या परिसरातील ध्यानपरंपरेचा या दृष्टीने विचार केला आहे. या दोन जिल्ह्यांचा एकत्र विचार करण्यास प्रशासकीय इतिहासाचाही आधार आहे. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे विभाजन झाले आणि दक्षिण सातारा जिल्ह्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. सांगली, मिरज व जत ही संस्थाने १९४८ मध्ये विलीन झाल्यामुळे त्यांचा प्रदेशही या नव्या रचनेत आला. जतच्या पूर्वेकडील गावांत मराठी व कानडी या दोन्ही भाषा नांदतात. पुढे ज्या परंपरेचा मुख्यतः विचार करावयाचा आहे ती याच द्विभाषिक पट्ट्यात वाढली.

लेखातील प्रतिपाद्य थोडक्यात असे मांडता येईल. या परिसरात अंतर्मौन ही गुहेत राहणाऱ्या योग्याची विद्या न राहता संसारी माणसाच्या दिनक्रमाचा भाग बनली. आत्मनिरीक्षण साधकाच्या लहरीवर सोडलेले नव्हते, त्यावर ग्रंथ, गुरू व आचरण यांचे नियंत्रण होते. विसाव्या शतकाच्या आरंभी हीच परंपरा महाविद्यालयीन तत्त्वज्ञानाच्या वर्गात पोहोचली, तेव्हा या नियंत्रणाचे स्वरूप बदलले. हा बदल कसा घडला आणि त्यात काय मिळाले व काय गमावले, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

पूर्वपीठिका : नाथस्थाने आणि समर्थसंप्रदाय

कृष्णा–वारणा खोऱ्यात व त्याच्या पूर्वेकडील माणदेशात योगपरंपरेच्या खुणा जुन्या आहेत. वाळवा तालुक्यातील मच्छिंद्रगड, बत्तीस शिराळ्यातील गोरक्षनाथांचे स्थान आणि खानापूर तालुक्यातील रेणावीचे रेवणसिद्धाचे मंदिर ही स्थाने आजही लोकांच्या येण्याजाण्याची आहेत. नाथांच्या योगात चित्ताचा लय व उन्मनी अवस्था यांना महत्त्व आहे. तथापि या स्थानांभोवतीचा लोकव्यवहार मुख्यतः यात्रा, नवस व उत्सव यांचा आहे. ध्यानाची पद्धत तेथे जनसामान्यांपर्यंत कितपत पोहोचली हे केवळ स्थानांच्या अस्तित्वावरून ठरविता येत नाही. स्थानमाहात्म्य आणि साधनेचा प्रसार यांत भेद केला पाहिजे.

सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी याच परिसरात कार्य केले. चाफळचे राममंदिर, सज्जनगड येथील वास्तव्य आणि शके १६०३ च्या माघात, म्हणजे इ.स. १६८२ च्या आरंभी झालेले निर्वाण यांमुळे सातारा हा या संप्रदायाचा केंद्रप्रदेश ठरला. अकरा मारुतींपैकी बहुतेक मारुती आजच्या सातारा जिल्ह्यात आहेत, तर बहे व शिराळा येथील मारुती सांगली जिल्ह्यात आहेत. समर्थांचे नाव घेतले की संघटना, बलोपासना व मठांचे जाळे या गोष्टी प्रथम डोळ्यांपुढे येतात. त्यांच्या वाङ्मयातील आत्मनिरीक्षणाची बाजू त्यामानाने दुर्लक्षित राहिली.

वस्तुतः २०५ श्लोकांचे ‘मनाचे श्लोक’ हे मराठीतील आत्मनिरीक्षणाचे सर्वांत लोकप्रिय साधन म्हणता येईल. या रचनेत संबोधन स्वतःच्या मनाला आहे. मनाला समोर बसवून त्याच्याशी बोलावयाचे, तर बोलणारा मनाहून वेगळा आहे हे आधी गृहीत धरावे लागते. हे गृहीत तत्त्वज्ञानाच्या भाषेत ‘द्रष्टा’ व ‘दृश्य’ यांच्या विवेकाचे आहे. ते भुजंगप्रयात वृत्ताच्या ठेक्यातून, कोणतीही पारिभाषिक चर्चा न करता, घरोघरच्या मुलांच्या तोंडी गेले. दासबोधाच्या वीस दशकांतून व दोनशे समासांतून हाच विवेक सविस्तर मांडला आहे. शास्त्रप्रचीती, गुरुप्रचीती आणि आत्मप्रचीती या तिन्हींचा मेळ बसल्याशिवाय अनुभव पक्का मानू नये, ही समर्थपरंपरेची भूमिका येथे विशेष महत्त्वाची आहे. साधकाला आत काही दिसले, ऐकू आले किंवा शांत वाटले, एवढ्यावर समाधान मानावयाचे नाही. ते ग्रंथाशी व गुरूच्या अनुभवाशी ताडून पाहावयाचे. आधुनिक परिभाषेत सांगावयाचे तर एका साक्षीदाराची साक्ष पुरेशी नाही, तिला दोन स्वतंत्र पुराव्यांचा दुजोरा हवा.

उमदी ते इंचगेरी : नेमाची शिस्त

एकोणिसाव्या शतकात या भूमिकेला एक निश्चित दिनक्रम देण्याचे काम जत तालुक्यातील उमदी येथील भाऊसाहेब महाराजांनी केले. त्यांचे मूळ नाव व्यंकटेश खंडेराव देशपांडे. जन्म १८४३ चा. त्यांचे गुरू निंबरगी महाराज हे लिंगायत समाजातील, कापड रंगविण्याचा व्यवसाय असलेल्या घरातील होते. निंबरगी महाराजांची वचने कानडीत ‘बोधसुधे’ या नावाने संकलित आहेत. देशपांडेवतन असलेल्या ब्राह्मण घरातील तरुणाने अशा गुरूकडून नाम घेतले आणि कानडी बोलणाऱ्या गुरूच्या परंपरेत मराठी दासबोध हा नित्यपाठाचा ग्रंथ ठरला. भाषा व जात यांच्या सीमा ओलांडणारी ही घटना एकोणिसाव्या शतकातील ग्रामीण समाजाचा विचार करता लहान नव्हे. कालांतराने निंबरगी महाराजांचे देहावसान झाले. पुढे आजच्या विजयपूर जिल्ह्यातील इंचगेरी येथील मठ हे या परंपरेचे केंद्र बनले आणि तिला इंचगेरी संप्रदाय असे नाव पडले. भाऊसाहेब महाराज १९१४ मध्ये इंचगेरी येथेच निवर्तले.

या संप्रदायात ठरावीक वेळी बसून करावयाच्या ध्यानाला ‘नेम’ म्हणतात. हा शब्द लक्षणीय आहे. समाधी, लय, उन्मनी हे शब्द अवस्था सांगतात, तर ‘नेम’ हा शब्द कर्तव्य सांगतो. अवस्था आपल्या हाती नसते, नेम हाती असतो. आज मन लागले किंवा न लागले, तरी बसण्याची वेळ चुकवावयाची नाही. गुरूने दिलेले नाम मनात चालू ठेवावयाचे, ते सुटले की सुटल्याचे ध्यानात घ्यावयाचे आणि पुन्हा धरावयाचे. पातंजल योगसूत्रांत चित्तवृत्तींच्या निरोधासाठी अभ्यास व वैराग्य ही दोन साधने सांगितली आहेत. त्यांतील ‘अभ्यास’ या शब्दाचे ग्रामीण मराठीतील रूप म्हणजे नेम असे म्हणता येईल.

नामस्मरण आणि मौन यांत वरकरणी विरोध दिसतो. नाम हा शब्द आहे, मौन म्हणजे शब्दाचा अभाव. परंतु साधनेच्या दृष्टीने दोहोंचा संबंध निराळा आहे. मनाला रिकामे ठेवण्याचा थेट प्रयत्न केला असता विचारांची गर्दी वाढते, हा प्रत्येक साधकाचा अनुभव असतो. एकच शब्द सातत्याने धरला असता इतर शब्द गळू लागतात आणि जे गळत नाहीत ते ठळकपणे दिसू लागतात. येणीकडचे देणे, भावकीतला कज्जा, मुलीच्या लग्नाची काळजी या गोष्टी नामाच्या पार्श्वभूमीवर वर येतात. नाम सुटले हे कळणे हाच आत्मनिरीक्षणाचा पहिला धडा होय. अशा रीतीने नाम हे मोजपट्टीचे काम करते. मन किती वेळा व कोणत्या विषयाकडे गेले हे कळण्यास कोणती तरी स्थिर खूण लागते, ती नामाने पुरविली.

या दिनक्रमाचा सामाजिक अर्थही महत्त्वाचा आहे. संन्यास घेतल्यावाचून, शेती, वतन किंवा नोकरी सांभाळून हा नेम करता येत असे. मात्र येथे एक गोष्ट नोंदविणे आवश्यक आहे. दिवसातून काही तास निश्चल बसण्यासाठी घरातील इतर कोणी तरी पाणी भरणे, दळण, स्वयंपाक व गुरांची निगा ही कामे करीत असले पाहिजे. चरित्रग्रंथांत साधकाच्या तपश्चर्येची वर्णने विपुल आहेत. त्या तपश्चर्येला ज्यांच्या श्रमांनी सवड मिळाली त्या स्त्रियांची नोंद मात्र क्वचितच आढळते. मौनाच्या इतिहासातील हेही एक मौन आहे आणि संशोधकाने ते दृष्टीआड करू नये.

गोंदवले : समांतर प्रवाह

याच काळात सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील गोंदवले बुद्रुक येथे ब्रह्मचैतन्य गोंदवलेकर महाराजांचे (१८४५–१९१३) कार्य चालू होते. त्यांचे गुरू तुकामाई हे मराठवाड्यातील येहळेगावचे. महाराजांनी रामनामाला सर्वस्व मानले आणि राममंदिराभोवती अन्नदानाची परंपरा निर्माण केली. दुष्काळी माण मुलखात ध्यान व अन्न या दोन गोष्टी त्यांनी एकमेकींपासून तोडल्या नाहीत.

उमदी व गोंदवले यांत साम्य आहे तसा भेदही आहे. दोन्हीकडे नाम केंद्रस्थानी आहे, दोन्हीकडे प्रपंच टाकण्याचा आग्रह नाही आणि समर्थांविषयी दोन्हीकडे आदर आहे. परंतु इंचगेरी परंपरेत ठरावीक आसनावर, ठरावीक वेळी करावयाच्या ध्यानावर भर आहे, तर गोंदवले येथे चालताबोलता, कामाच्या ओघात चालणाऱ्या अखंड नामावर भर आहे. पहिल्या पद्धतीत मनाचे निरीक्षण एकांतात होते. दुसऱ्या पद्धतीत ते व्यवहाराच्या मधोमध होते, राग आला त्या क्षणी नाम होते की नव्हते, ही तेथील परीक्षा. गोंदवलेकर महाराजांची परंपरा पुढे मुंबईत तत्त्वज्ञान शिकविणारे प्रा. के. वि. बेलसरे (१९०९–१९९८) यांच्या लेखनामुळे सुशिक्षित वाचकवर्गापर्यंत पोहोचली. ग्रामीण साधना आणि तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक यांचा हा संयोग योगायोगाचा नाही. इंचगेरी परंपरेत तो याहून आधी व याहून व्यापक प्रमाणावर घडला होता.

वर्गखोलीत आलेले ध्यान : प्रा. रा. द. रानडे

रामचंद्र दत्तात्रेय रानडे यांचा जन्म १८८६ मध्ये जमखंडी येथे झाला. सांगली व मिरज यांच्याप्रमाणे जमखंडी हेही पटवर्धनांचे संस्थान होते. शाळकरी वयातच, १९०१ मध्ये, त्यांना भाऊसाहेब महाराजांकडून नाम मिळाले. पुढे पुण्यात त्यांचे उच्च शिक्षण झाले आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते अध्यापक झाले. याच संस्थेने १९१९ मध्ये सांगली येथे विलिंग्डन महाविद्यालय स्थापन केले. तेथेही काही काळ रानड्यांनी अध्यापन केले. उमदी हे गुरुस्थान असलेला प्राध्यापक सांगलीच्या वर्गात पाश्चात्त्य तत्त्वज्ञान शिकवीत होता, ही वस्तुस्थिती या परिसराच्या बौद्धिक इतिहासात पुरेशी अधोरेखित झालेली नाही.

१९२४ मध्ये रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात तत्त्वज्ञान व धर्म यांच्या अभ्यासासाठी एक अकादमी स्थापन झाली. पुढे तिचे कार्य बेळगावात चालू राहिले. याच १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले व ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. एकाच वर्षी, पुण्याच्या आसपास, योगसाधनेला आधुनिक ज्ञानव्यवस्थेत स्थान मिळवून देण्याचे दोन भिन्न प्रयत्न सुरू झाले. कुवलयानंदांनी शरीरशास्त्राची वाट धरली. आसन व प्राणायाम यांचे शरीरावर होणारे परिणाम उपकरणांनी तपासणे हा त्यांचा मार्ग. रानड्यांनी तुलनात्मक वाचनाची वाट धरली. निरनिराळ्या देशांतील व काळांतील साधकांनी स्वतःच्या अनुभवाविषयी जे सांगितले ते एकमेकांशेजारी ठेवून तपासणे हा त्यांचा मार्ग.

उपनिषदांवरील त्यांचा ग्रंथ १९२६ मध्ये प्रसिद्ध झाला. १९२७ मध्ये ते अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक म्हणून गेले. १९३३ मध्ये ‘मिस्टिसिझम इन महाराष्ट्र’ हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. श्री. कृ. बेलवलकर व रानडे यांनी आखलेल्या भारतीय तत्त्वज्ञानाच्या इतिहासमालेतील हा सातवा खंड. ज्ञानेश्वरांपासून रामदासांपर्यंतच्या संतांचा त्यात साक्षात्काराच्या दृष्टीने विचार आहे. ज्ञानेश्वरांचा बौद्धिक, एकनाथांचा समन्वयात्मक, तुकारामांचा व्यक्तिनिष्ठ आणि रामदासांचा कर्मप्रधान असे साक्षात्कारमार्गाचे प्रकार त्यांनी कल्पिले. प्रस्तावनेत त्यांनी साक्षात्काराचे वर्णन करताना ईश्वराच्या मूक आस्वादाला मध्यवर्ती स्थान दिले आणि अनुभवाच्या खरेपणाच्या कसोट्याही मांडल्या. तो सर्वत्र आढळणारा असावा, बुद्धीला पटणारा असावा, भावना समृद्ध करणारा असावा आणि त्यातून नैतिक उन्नती व्हावी, असा त्यांचा आशय होता.

या कसोट्या समर्थांच्या तीन प्रचीतींशी ताडून पाहिल्या असता बदल स्पष्ट दिसतो. शास्त्रप्रचीतीच्या जागी जगभरच्या साधकांच्या अनुभवांची तुलना आली. आत्मप्रचीती कायम राहिली, परंतु तिला नैतिक परिणामाची जोड मिळाली. गुरुप्रचीती मात्र ग्रंथाच्या पानांवरून मागे सरली. रानडे स्वतः अखेरपर्यंत गुरुनिष्ठ राहिले, निवृत्तीनंतर निंबाळ येथील आश्रमात राहून त्यांनी नेम चालविला व ६ जून १९५७ रोजी तेथेच देह ठेवला. परंतु विद्यापीठीय ग्रंथात गुरूचा शब्द हे प्रमाण म्हणून देता येत नाही, याची त्यांना जाणीव होती. ग्रंथातील रानडे हे अभ्यासक आहेत, निंबाळचे गुरुदेव हे साधक आहेत. या दोन भूमिकांमधील अंतर त्यांनी विचारपूर्वक राखले. स्वतःच्या अनुभवांविषयी त्यांनी ग्रंथांत बाळगलेला संयम हाही त्यांच्या पद्धतीचाच भाग मानला पाहिजे.

त्यांच्या पद्धतीवर एक गंभीर आक्षेप घेता येतो. अभंग हा साधकाच्या अनुभवाचा थेट वृत्तान्त आहे असे गृहीत धरून त्यांनी वाचन केले. परंतु अभंग ही काव्यरचना आहे. तिला संकेत आहेत, पूर्वसूरींच्या प्रतिमांचा वारसा आहे आणि गाथांच्या पाठांत फरक व प्रक्षेपही आहेत. तळमळीचा अभंग आधी व कृतार्थतेचा अभंग नंतर, असा क्रम लावून संतांचे आंतरचरित्र रचले, तर त्या क्रमाला रचनेबाहेरचा पुरावा क्वचितच मिळतो. हा आक्षेप मान्य करूनही रानड्यांचे महत्त्व कमी होत नाही. संतवाङ्मय म्हणजे केवळ भक्तिरस किंवा केवळ समाजप्रबोधन नव्हे, तर मनाच्या निरीक्षणाचे ते एक मोठे भांडार आहे, ही दृष्टी त्यांच्यामुळे अभ्यासकांना मिळाली.

आत्मनिरीक्षणावरील आक्षेप आणि साक्षीची संकल्पना

रानड्यांच्या काळात पाश्चात्त्य मानसशास्त्रातही आत्मनिरीक्षणावर मोठा वाद चालू होता. १८७९ मध्ये व्हिल्हेल्म वुंट यांनी लाइपझिग येथे प्रयोगशाळा स्थापन केली आणि प्रशिक्षित निरीक्षकांनी आपल्या संवेदनांचे वर्णन करावे अशी पद्धत रुजविली. त्यापूर्वीच ऑग्युस्त कोंत यांनी आक्षेप घेतला होता की, विचार करणारे मन त्याच वेळी स्वतःचे निरीक्षण करू शकत नाही. निरीक्षण सुरू झाले की निरीक्षिलेली अवस्थाच बदलते. रागाचे निरीक्षण करू लागताच राग ओसरतो, हे याचे साधे उदाहरण. १९०२ मध्ये विल्यम जेम्स यांनी धार्मिक अनुभवांच्या विविधतेवरील आपल्या ग्रंथात असे अनुभव शब्दातीत, ज्ञानरूप, क्षणिक व साधकाच्या इच्छेच्या पलीकडचे असतात असे प्रतिपादिले. १९१३ मध्ये जॉन वॉटसन यांनी मात्र आत्मनिरीक्षण मानसशास्त्रातून वगळावे अशीच भूमिका घेतली.

कोंत यांचा आक्षेप योगपरंपरेला अपरिचित नाही, परंतु तिने त्याचे उत्तर वेगळ्या दिशेने दिले. एक म्हणजे, मनाने मनाचे निरीक्षण करावयाचे असे ती मानीत नाही. मन हे दृश्य आहे आणि साक्षी मनाहून भिन्न आहे. दुसरे म्हणजे, निरीक्षणाने वृत्ती बदलते ही गोष्ट तिला दोष वाटत नाही. मानसशास्त्रज्ञाला वृत्ती जशी आहे तशी नोंदवावयाची असते, म्हणून तिचे ओसरणे ही त्याची अडचण ठरते. साधकाला वृत्तीची पकड सैल करावयाची असते, म्हणून तेच ओसरणे त्याचे साध्य ठरते. प्रयोगशाळा आणि ध्यानाचे आसन यांतील हा उद्देशभेद लक्षात न घेता एकाचे निकष दुसऱ्यावर लादले असता दोहोंवर अन्याय होतो. क्षणिकतेबाबतही रानड्यांचा कल जेम्स यांच्याहून वेगळा होता. वक्राच्या सतत जवळ जाणाऱ्या, पण त्याला कधीच न मिळणाऱ्या रेषेचा गणितातील दृष्टान्त त्यांना प्रिय होता. साधकाची वाटचाल तशी आयुष्यभराची आहे. नेमाच्या परंपरेत वाढलेल्या तत्त्वज्ञाला हा दृष्टान्त जवळचा वाटावा हे स्वाभाविक होते.

मुंगीचा मार्ग आणि पक्ष्याचा मार्ग

इंचगेरी परंपरेतच पुढे साधनपद्धतीविषयी मतभेद निर्माण झाला. भाऊसाहेब महाराजांचे एक शिष्य सिद्धरामेश्वर महाराज (१८८८–१९३६) हे सोलापूर जिल्ह्यातील पाथरीचे. त्यांना १९०६ मध्ये नाम मिळाले. दीर्घकाळ चालणारी ध्यानसाधना हा पिपीलिकामार्ग, म्हणजे मुंगीप्रमाणे हळूहळू झाडावर चढण्याचा मार्ग होय. श्रवण व विवेक यांच्या बळावर थेट फळ गाठणारा विहंगममार्गही आहे, अशी भूमिका त्यांनी गुरूच्या पश्चात घेतली. त्यांच्या प्रवचनांचा मुख्य आधारही दासबोधच होता. एकाच ग्रंथातून एका शाखेने नेम घेतला आणि दुसरीने विवेक घेतला.

‘अध्यात्मज्ञानाची गुरुकिल्ली’ या त्यांच्या नावावरील ग्रंथात आत्मनिरीक्षणाची एक क्रमवार रीत सांगितली आहे. ‘मी’ कोठे आहे याचा शोध स्थूल देहापासून सुरू करावयाचा. देह पाहिला जातो, म्हणून पाहणारा देह नव्हे. मन, बुद्धी व विचार यांचा सूक्ष्म देहही पाहिला जातो, म्हणून तोही ‘मी’ नव्हे. विचार थांबले की काहीच न जाणवणारी विस्मृती समोर येते, तो कारण देह. बहुतेक साधक येथे थांबतात, कारण या अवस्थेत शांतता असते. परंतु ‘काहीच नाही’ हे ज्याला कळले तो त्या काहीच नसण्याचाही जाणता आहे, असे दाखवून ग्रंथ पुढे महाकारण देहाकडे नेतो.

हा टप्पा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने निर्णायक आहे. मौन आणि गुंगी यांत फरक कोणता? डोळे मिटून बसलेल्या माणसाचे विचार थांबले, तर त्याला ध्यान लागले की झोप लागली? गौडपादांच्या कारिकांतही लय हा समाधीतील अडथळा मानला असून लयात गेलेल्या चित्ताला जागे करावे असे सांगितले आहे. बाहेरून दोन्ही अवस्था सारख्याच दिसतात. आतून फरक एवढाच की एकीत जाणीव असते, दुसरीत नसते. म्हणूनच अंतर्मौन व आत्मनिरीक्षण या दोन गोष्टी परस्परांपासून वेगळ्या करता येत नाहीत. निरीक्षणावाचूनचे मौन ही सुस्ती ठरते आणि मौनावाचूनचे निरीक्षण म्हणजे स्वतःविषयीचा अखंड विचार, जो पुष्कळदा खंतावण्याचेच दुसरे नाव असतो.

सिद्धरामेश्वरांचे शिष्य निसर्गदत्त महाराज (१८९७–१९८१) यांचे मुंबईत विडीचे दुकान होते. खेतवाडीतील त्यांच्या घरी मराठीतून होणाऱ्या संवादांचे मॉरिस फ्रीडमन यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९७३ मध्ये ‘आय अ‍ॅम दॅट’ या नावाने प्रसिद्ध झाले आणि ही परंपरा जगभर पोहोचली. दूरदूरच्या देशांतून आलेले जिज्ञासू ज्या विचाराच्या शोधात खेतवाडीचे जिने चढत होते, त्याचे मूळ जत तालुक्यातील एका सीमावर्ती गावातील नेमात होते. तथापि परदेशांत या परंपरेचा विवेक जसा पोहोचला तसा नेम पोहोचला नाही. ‘मी आहे’ या जाणिवेवर स्थिर राहण्याचा उपदेश वाचणाऱ्याला, त्यामागील पिढ्यांचा पहाटेचा दिनक्रम पानावर दिसत नाही.

समकालीन संदर्भ

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मौन व निरीक्षण यांवर आधारलेल्या इतर पद्धतीही महाराष्ट्रात परिचित झाल्या. इगतपुरी येथील धम्मगिरी केंद्रात १९७६ पासून स. ना. गोएंका यांच्या मार्गदर्शनाखाली विपश्यनेची शिबिरे होऊ लागली. दहा दिवसांच्या शिबिरात आर्य मौन पाळून प्रथम श्वासाचे व नंतर शरीरातील संवेदनांचे तटस्थ निरीक्षण करावयाचे असते. मुंगेर येथील बिहार योग विद्यालयाच्या परंपरेत ‘अंतर्मौन’ याच नावाची पायरीपायरीने शिकविली जाणारी साधना आहे. बाहेरचे आवाज ऐकणे, आपोआप येणारे विचार पाहणे, एखादा विचार मुद्दाम आणून सोडून देणे आणि शेवटी विचाररहित स्थितीत राहणे असा तिचा साधारण क्रम आहे.

या पद्धतींशी तुलना केली असता सातारा–सांगली परिसरातील परंपरेची दोन वैशिष्ट्ये पुढे येतात. पहिले म्हणजे येथे नामाला स्थान आहे. विपश्यनेत नामजप वर्ज्य मानला जातो, येथे नाम हाच निरीक्षणाचा स्थिरबिंदू आहे. दुसरे म्हणजे येथील साधनेचे एकक शिबिर नसून घरचा दिवस आहे. शिबिरातील मौनाला भोवतालची व्यवस्था सांभाळून घेते. घरच्या नेमाला गलबला, आजारपण व सुगीचे दिवस यांतून वाट काढावी लागते. कोणती पद्धत श्रेष्ठ हा इतिहासाच्या अभ्यासकाचा प्रश्न नाही. परंतु मानसिक ताण कमी करण्याचा उपाय म्हणून ध्यानाकडे पाहिले जात असताना, ज्या परंपरांनी ध्यानाची सांगड नैतिक आचरणाशी घातली होती त्यांची आठवण ठेवणे आवश्यक आहे. रानड्यांच्या कसोटीनुसार, शांत झालेला मनुष्य अधिक सज्जन झाला नसेल, तर त्याच्या शांततेविषयी शंका घेण्यास जागा आहे.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष मांडता येतात. सातारा–सांगली परिसरात आत्मनिरीक्षणाची परंपरा समर्थवाङ्मयाच्या पायावर उभी राहिली आणि उमदी–इंचगेरी येथे तिला नेमाचे निश्चित रूप मिळाले. या परंपरेने अंतर्मौनाला प्रपंचात जागा करून दिली. भाषा व जात यांच्या मर्यादा तिने काही अंशी ओलांडल्या, परंतु ज्यांच्या श्रमांवर तो नेम उभा होता त्यांची नोंद तिने ठेवली नाही. प्रा. रानडे यांच्यामुळे ती विद्यापीठीय तत्त्वज्ञानाचा विषय बनली व गुरुप्रचीतीच्या जागी तुलनात्मक चिकित्सा आली. सिद्धरामेश्वर शाखेने नेमापेक्षा विवेकावर भर दिल्याने ती जगभर पोहोचू शकली, मात्र त्या प्रवासात दिनक्रम मागे पडला.

या परंपरेच्या साधनांचा शोध अद्याप अपुरा आहे. चरित्रे व प्रवचने यांखेरीज मठांतील हिशेबवह्या, साधकांची परस्परांना लिहिलेली पत्रे, सप्ताहांच्या याद्या आणि कानडी–मराठी मिश्र भाषेतील टिपणे यांचा पद्धतशीर अभ्यास होणे गरजेचे आहे. विशेषतः जत व विजयपूरच्या सीमाभागातील वृद्ध स्त्रियांच्या मौखिक आठवणी वेळीच नोंदविल्या पाहिजेत. घरातील पुरुष पहाटे नेमाला बसत असताना चूल पेटविणाऱ्या स्त्रीच्या ओठांवरही नाम होते की नाही, हे कोणत्याही ग्रंथात सापडणार नाही. ते विचारावे लागेल, आणि उत्तर देणाऱ्या पिढीपाशी आता फार वेळ उरलेला नाही.